माग बंद असतात त्या दिवशी

"गळ्यातली गाठ काढायची म्हणजे काढायची, त्यात एवढं रडगाणं कशाला?" असं मी सिस्टरला म्हणाले आणि लगेच जीभ चावली. कारण ती रडत नव्हतीच. माझ्या ओट्यावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती आणि मोडता मोडता सांगत होती की इंदूरच्या डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिली. गाठ वाईट नाही, पण वाढतेय, आणि आवाजाची नस तिला अगदी चिकटून गेलीय. नसेला धक्का लागला तर आवाज बसेल. बसेल म्हणजे किती, ते डॉक्टरला सांगता येत नव्हतं.

"बोलता येईल म्हणाला," सिस्टर म्हणाली. "गाण्याचं विचारलं तर खिडकीकडे बघायला लागला."

सिस्टर म्हणजे आमची शेजारीण. दवाखान्यात नर्स होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणते, आणि ती मला भाभी म्हणते. मी तिला 'तुम्ही' म्हणते की 'तू', ते माझ्या रागावर असतं. मी शाळेत संगीत शिकवते, आणि आमच्या भजनी मंडळात पेटीही मीच वाजवते. ती दर रविवारी चर्चमध्ये गाते. आमचे देव वेगळे, पण सूर एकाच पट्टीतला, काळी दोन.

आणि आवाज! पोरांचे गळे ऐकून ऐकून माझे कान किटलेत, पण तिच्या आवाजाला मी अजून कंटाळले नाही. वरच्या सुरात गेलं की भल्याभल्यांचा आवाज बारीक होतो, चिरकतो. हिचा वर जाऊन पसरायचा. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाला वाटायचं, ही माझ्याच शेजारी उभी राहून गातेय. आणि या आवाजाचं धड एक रेकॉर्डिंग नव्हतं. कुणाच्या तरी लग्नात मोबाईलवर घेतलेले दोन-चार तुकडे, त्यातही गाण्यापेक्षा पंगतीचा गोंगाट जास्त.

मी तिच्या हातातली शेंगांची थाळी काढून घेतली. "तारीख कधीची? तोवर आपण सगळं भरून घेऊ. सगळं म्हणजे सगळं."

"भाभी, मी मरायला चालले नाही," ती म्हणाली.

"गप बस," मी म्हणाले, आणि उरलेल्या शेंगा मीच मोडायला घेतल्या.

तिचा मुलगा पुण्याहून आला. तिकडे नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी पोरांसोबत चर्चमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. त्याने आधी आईला इंदूरच्या एका स्टुडिओत नेलं. काचेच्या खोलीत उभं केलं, कानाला हेडफोन लावले, समोर माइक. सिस्टरच्या तोंडून एक ओळ धड निघेना. परत आली ती चिडूनच. "समोर भिंत! मी भिंतीसाठी गाऊ? आणि माझाच आवाज माझ्या कानात ओततात. किळस आली मला."

मग मुलाने ठरवलं की आई जिथे गाते तिथेच, आपल्या चर्चमध्ये, मंडळींसमोर, लाइव्ह अल्बम करायचा. आराधनेची गीतं, तिचीच नेहमीची. ती एक ओळ म्हणणार आणि सगळी मंडळी मागून उत्तर देणार, तसंच. फक्त मागे त्याची गिटार आणि पुण्याच्या पोरांचे बास, ड्रम. कीबोर्ड मी वाजवायचा. मला वाटलं होतं, सिस्टर या ढॅणढॅण प्रकाराला नाक मुरडेल. ती म्हणाली, "वाजवू दे त्याला जोरात. देव बहिरा नाही, पण आमच्या मंडळीतले अर्धे आहेत."

माझ्या भजनी मंडळातल्या एकीने विचारलंच, "चर्चमध्ये वाजवणार? उद्या गळ्यात क्रूस घालशील." मी म्हटलं, "गळ्यात आधीच मंगळसूत्र, शाळेचं ओळखपत्र आणि चष्म्याची दोरी आहे. जागा कुठाय?" ती त्या दिवसापासून माझ्याशी जरा कमी बोलते. मलाही बरंच आहे.

आता खरी गोष्ट. चर्च आमच्या इथलं जुनं, आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूम. बुऱ्हाणपूरच्या माणसाला मागांचा खटखटाट ऐकूच येत नाही. उलट थांबला तर लहान मूल जागं होतं. पण माइकला येतो. मुलाने आदल्या आठवड्यात जाऊन थोडं रेकॉर्ड करून पाहिलं. वर आईचा आवाज आणि खाली सतत खटाक-खटाक-खटाक. त्याने डोकं धरलं. मग आम्ही सगळ्यांनी बसून अक्कल चालवली. मागांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. त्या दिवशी भरायचं! चर्चच्या पाळकसाहेबांनी होकार दिला. मंडळी म्हणाली, आम्हीही येतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मायलेक इंदूरला जाणार होते, परवा ऑपरेशन. म्हणजे हाच एक दिवस हातात होता, आणि तो मागांच्या सुट्टीचा निघाला. देवाचीच कृपा, असं पाळकसाहेब म्हणालेसुद्धा.

त्या दिवशी सकाळी मी उठले, मोटर लावून टाकी काठोकाठ भरली, दोन बादल्या वर भरून ठेवल्या, मिक्सरवर चटणी वाटून घेतली. आणि साडी नेसून चर्चमध्ये गेले.

हे सगळं मी का केलं? तर मागांच्या सुट्टीच्या दिवशी लाइट जाते म्हणून! लाइटवाले त्याच दिवशी मेंटेनन्स काढतात, कारण माग बंद असतात, कुणी ओरडत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. टाकीसाठी मला आठवलं. चटणीसाठी आठवलं. रेकॉर्डिंगसाठी आठवलं नाही. आणि फक्त मलाच नाही, पाळकसाहेब, मंडळी, सिस्टर, एकालाही नाही. सगळे घरून पाणी भरूनच आले होते.

मुलगा वायरी जोडत होता. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करणारा त्याचा पुण्याचा मित्र होता, दाढीवाला, कमी बोलणारा. ड्रमवाल्याने दोन ठोके टाकले, गिटारने एकदा कर्कश्श ओरडून घेतलं, मंडळी खुश होऊन हसली. आणि पंखे मंदावले. मी वर पाहिलं. पाती फिरता फिरता थांबली. गिटारचा मोठा स्पीकर मेला. बाहेर माग नव्हते, त्यामुळे इतकी शांतता झाली की कुणीतरी खोकलं ते बाहेरच्या फाटकापर्यंत गेलं असेल.

"किती वेळ?" मुलाने विचारलं.

पाळकसाहेब घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी मीच म्हणाले, "संध्याकाळपर्यंत."

"मावशी, तुमको पता था?"

"सगळ्या गावाला पता था रे बाबा!" मी ओरडले. मला त्याचा राग आला नव्हता. मला माझा इतका राग आला होता की ओरडायला कुणीतरी हवं होतं.

संध्याकाळपर्यंत थांबावं तर सिस्टरचा आवाज. डॉक्टरने तिला सांगितलं होतं, गळ्याला ताण नको. गाठीमुळे आताशा थोडं गायलं की आवाज जड व्हायचा, दुपारनंतर तर बोलतानाही घसरायचा. म्हणून सकाळपासून ती एक शब्द बोललेली नव्हती. पहिल्या बाकावर कोमट पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती, आणि कुणी काही विचारलं की हाताने सांगत होती. आवाज साठवून ठेवत होती. तो साठा संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हता, हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं.

ऊन चढायला लागलं. बायका गीतांच्या पुस्तकांनी वारा घेत होत्या. मुलगा फोनवर जनरेटर शोधत होता. लग्नसराई, त्यामुळे सगळे जनरेटर मांडवांत. शेवटी शेजारच्या दापोरा गावात एकाकडे एक मोकळा निघाला, केळीच्या गाडीत टाकून आला. आला म्हणजे काय, त्याचा आवाज ऐकून वाटलं, मागच बरे होते. फाटकाबाहेर ठेवला तरी आत ढगढग. माझं डोकं भणाणलं.

तेव्हा मागवाले चाचा आले. चर्चच्या मागची लूम त्यांची. त्यांच्या घरातल्या सगळ्या बाळंतपणांना सिस्टरच होती, त्यामुळे तिचं काही अडलं की ते धावतात. ते म्हणाले, "बहनजी, हमारी मशीनें आज सो रही हैं। इसको हमारे शेड में डाल दो, दरवाज़े बंद कर देंगे, आवाज़ बाहर नहीं आएगी।" शेडच्या भिंती जाडजूड. जनरेटर आत ढकलला, चर्चच्या बाजूचे दरवाजे लावले, त्यांवर पोत्यांच्या थप्प्या लावल्या, धुरासाठी गल्लीकडचं शटर थोडं वर ठेवलं. खिडकीतून लांब वायर आणली. पंखे बंदच ठेवले, ते भर्र करतात म्हणून. पण दिवे लागले, गिटार बोलली. मंडळीने "हालेलुया" म्हटलं, मीसुद्धा मनात काहीतरी म्हणाले.

मग दाढीवाल्याने तोंड वाकडं केलं. लॅपटॉपला चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ असा आवाज येत होता, जनरेटरच्या विजेचा. त्याने चार्जर उपटून टाकला. "बॅटरी पे कर लेते हैं. हो जाएगा." त्या बॅटरीवर तो लाइट गेल्यापासून वायरी तपासत बसला होता, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

सिस्टर उठली. माइकपुढे उभी राहिली, पदर खोचला, आणि सकाळपासून बंद असलेलं तोंड उघडलं.

मला काही सांगता येणार नाही. नुसता पहिला सूर लावला आणि माझ्या हातावर काटा आला. आवाज होता. सगळा होता. मुलाच्या गिटारने तिच्या मागून जी काय झेप घेतली, ड्रमने खालून उचललं, मला वाटलं छप्पर जातंय. ती ओळ टाकायची, मंडळी झेलायची आणि परत तिच्याकडे फेकायची. मी आयुष्यभर मांडी घालून पेटी वाजवली. इथे मी उभ्याने कीबोर्ड वाजवत होते आणि माझा पाय आपोआप आपटत होता, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

पण टाळ्या! मुलाला टाळी हवी होती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, तसा त्यांच्या या संगीताचा रिवाज आहे. आमच्या माणसांची टाळी जन्मापासून समेवर पडते, मग ती देवळात असो की चर्चमध्ये. ड्रमवाला एकीकडे, मंडळी दुसरीकडे, मध्ये तो बिचारा घामाघूम. गाणं संपलं तसा मुलगा पुढे आला, "अंकल-आंटी लोग, टाळी अशी नाही, अशी, एक सोडून दोनवर, फिर से करू या का?"

"फिर से?" मी कीबोर्डवरूनच म्हणाले. "तुला आईचा आवाज भरायचाय का टाळ्या?"

त्याने गिटारचा पट्टा सावरला. मग ड्रमवाल्याकडे वळून म्हणाला, "तू ही उनके साथ चल यार." पुढची गाणी ड्रमवाला मंडळीच्या टाळीवर चालला. चांगला वाजवणारा होता, जमवलं त्याने.

दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. मध्येच एक म्हातारे काका साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय काय केलं ते सांगायला, उभे राहिले. चर्चमध्ये कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की त्याला बसवत नाहीत, अशी पद्धत. काकांनी आपल्या गुडघ्यांपासून सुरुवात केली. सिस्टर माइकपाशी उभी राहून पाण्याचे घोट घेत होती. मी पाळकसाहेबांकडे डोळे वटारून पाहिलं. शेवटी त्यांनी एकदम मोठ्याने "आमेन!" म्हणून डोळे मिटले, मग सगळ्यांनी मिटले, मग काकांनाही मिटावे लागले. मी त्या माणसाचे उपकार विसरणार नाही.

चौथ्या गाण्यात मी ऐकलं. खालच्या सुरावरून वर जाताना एक बारीकसा खरखरीत कण. मंडळीला कळला नसेल. मुलाला कळला, कारण त्याने गिटारवरची मान वर केली. सिस्टरने डोळे मिटून घेतले आणि तिथून पुढे वर जायचंच टाळलं. साठा संपत आला होता, आणि एक गाणं उरलं होतं.

ते तिचं स्वतःचं. नोकरीत असताना कधीतरी वॉर्डात बसून बांधलेलं. शब्द साधेच, 'माझी वाट संपली की तुझी सुरू होते', एवढंच फिरून फिरून. गल्लीत सगळ्यांना येतं. माझ्या सुनेलाही येतं, भांडी घासताना म्हणते. पण त्यातली शेवटची ओळ सगळ्यात वर जाते.

सिस्टरने मुलाला बोटाने खूण केली, हळू सुरू कर. गिटार नुसती टिचकी मारल्यासारखी, माझे दोन-तीन स्वर, ड्रम गप्प. ती जवळजवळ बोलल्यासारखी गात होती. कडव्यामागून कडवं चढत गेलं, बास आला, ड्रम आला, मंडळी उभी राहिली. गिटार आता रडत होती म्हणा की ओरडत होती, मला त्यातलं कळत नाही, पण पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं हे मी पाहिलं. आणि ती वरच्या ओळीकडे निघाली.

तेव्हा सगळं मेलं.

दिवे गेले, गिटार तुटली, बास तुटला, माझ्या बोटांखाली कीबोर्डच्या नुसत्या पट्ट्या राहिल्या, टकटक करणाऱ्या. बंद शेडमध्ये जनरेटर तापून बसला होता, हे नंतर कळलं. तेव्हा मला फक्त इतकं कळलं की सगळं फुकट गेलं, आता परत म्हणायला तिच्याकडे गळा नाही. मी दाढीवाल्याकडे पाहिलं. त्याने हात वर केला, तळवा आमच्याकडे, थांबू नका. लॅपटॉप बॅटरीवर होता. सिस्टरच्या माइकची वायर सरळ त्याच्यातच जात होती. रेकॉर्डिंग चालू होतं.

सिस्टर थांबलीच नव्हती. स्पीकर गेल्यामुळे तिला तिचा आवाज मोठा करून देणारं काही उरलं नव्हतं, तर ती तशीच उघड्या गळ्याने गेली वर. ड्रमवाल्याला वीज लागत नव्हती, तो तिच्याबरोबर गेला. मंडळीच्या टाळ्या, समेवर, धाड धाड. ती शेवटची ओळ तिने लावली आणि ती लागली. खरखरीत, फाटकी, पण वर.

झालं, मी मनात म्हणाले. आता थांब.

दाढीवाल्याने लॅपटॉपचा पडदा आमच्या बाजूला फिरवला. कोपऱ्यात बॅटरीची खूण लाल झाली होती.

पण आराधनेत शेवटची ओळ एकदा म्हणून कुणी थांबत नाही. मन भरेपर्यंत म्हणतात, परत, परत, आणि मन भरलं हे ज्याने गाणं धरलंय तोच ठरवतो. सिस्टरने ती ओळ पुन्हा धरली. मंडळीने झेलली. पुन्हा. मुलाचा हात अर्धा वर गेला होता, थांबवायला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने एक इशारा केला असता तर तिने सोडलं असतं, मुलाचं ऐकते ती. गाणं पूर्ण झालं असतं, जपून ठेवता आलं असतं. आणि न थांबवलं तर हा लॅपटॉप मेल्यावर आतलं राहतं की जातं, ते आम्हां दोघांना ठाऊक नव्हतं. बस कर गं बाई, बस कर, असं माझ्या ओठांवर होतं. आणि दुसरं मन म्हणत होतं, परवानंतर ही बाई ही ओळ कधीच म्हणणार नाही, तिला कोण कशाला थांबवेल?

मुलाने हात खाली घेतला. गिटार बाजूला ठेवली आणि टाळी वाजवायला लागला. समेवर.

किती वेळ ते चाललं, मला सांगता येणार नाही. शेवटी तिने ओळ हळू केली, हळू केली, आणि माइकपासून तोंड बाजूला घेतलं. मंडळीने टाळ्यांचा कडकडाट केला. मी सिस्टरकडे न बघता लॅपटॉपकडे पाहिलं. पडदा काळा होता.

त्यानंतर जनरेटर थंड होईपर्यंतचा वेळ मी चर्चच्या पायरीवर बसून काढला. सिस्टर शेजारी येऊन बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली, जणू ऑपरेशन माझंच होतं. तिला बॅटरीचं कुणी सांगितलं नव्हतं. आत वीज आली, लॅपटॉप उघडला, दाढीवाला बराच वेळ कानाला हेडफोन लावून वाकून बसला. मग बाहेर आला. "आंटी का पूरा है," तो म्हणाला. "बस तालियाँ कट गईं."

मी उठून त्या दाढीवाल्या पोराच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. बिचारा घाबरला.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. डॉक्टरने तिला तोंड उघडायला लावलं, गळ्यात नळी घालून पाहिलं आणि मुलाला बाहेर येऊन सांगितलं की आवाजाची एक बाजू हलत नाहीये. काही महिन्यांत सुधारेल, किंवा नाही सुधारणार. हळूहळू बोलायला लागा.

ती बोललीच नाही. घरी आली, टाके निघाले, जेवण सुरू झालं, चालायला लागली, पण तोंडातून शब्द नाही. मान हलवायची, हाताने दाखवायची. सगळ्यांना वाटलं, डॉक्टरने मनाई केलीय. मला माहीत होतं, केलेली नाही. बोललं नाही तोवर गेलाय की राहिलाय ते कळणार नाही, म्हणून ती तोंड उघडत नव्हती. नर्स बाई, हजारांना 'घाबरू नका' म्हणून सुया टोचल्या, आणि स्वतःवर आलं तर ही तऱ्हा. मी चिडायचे. "बोल ना! माझ्याशी तरी बोल! शिव्या दे!" ती हसायची, तेही बिनआवाजाचं.

अल्बम मुलाने इंटरनेटवर टाकला. कुठून कुठून लोकांचे निरोप यायला लागले, जळगाव, अमरावती, कुणीतरी दुबईहून. सिस्टरने तो ऐकला नाही. लावला की उठून जायची.

एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती आणि मी तिला न विचारता मोबाईलवर ते शेवटचं गाणं लावलं. उठून जाशील तर जा, म्हटलं, मला ऐकायचंय. ती उठली नाही. भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. गाणं चढत गेलं, वीज गेली ती जागा आली, मागचं सगळं तुटलं आणि नुसता तिचा आवाज राहिला, तो वर जायला लागला. मी ओट्याला टेकून पदरात तोंड घालून रडत होते. मला आजूबाजूचं काही दिसत नव्हतं.

"भाभी, दूध!"

मी दचकून वळले. पहिल्यांदा मला वाटलं, कुणी पुरुष घरात शिरलाय. घोगरा, जाड, हवा सुटलेला आवाज. दारात कुणी नव्हतं. दूध पातेल्यावरून फसफसून गॅसवर ओतत होतं आणि सिस्टर स्टुलावरून अर्धी उठून, हात पुढे करून, माझ्याकडे बघत होती. तिचाही चेहरा माझ्यासारखाच झाला होता. तीही ऐकत होती, कोण बोललं ते.

मोबाईलमध्ये ती अजून गात होती.

मी गॅस बंद केला. मग मोबाईलकडे हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं. "राहू दे," त्या घोगऱ्या आवाजाने म्हटलं. "ती संपवते आहे ना, संपवू दे तिला."

मी तिच्याशेजारी खाली फरशीवरच बसले. ओट्यावरून दूध टपटप सांडत होतं, आम्ही दोघींनी ते पुसलं नाही. गाणं संपेपर्यंत आम्ही ऐकत बसलो, आणि मग तिने मला चहा मागितला.